ठिगळांचे गुण

पडद्यावर मास्तरीणबाईंच्या नावापुढे शून्य होतं. चष्मा पुसून बघितला, तरी शून्यच.

वर्गखोली सुटीपुरती मागून घेतलेली, बाकं शाळकरी, आणि त्यात गुडघे दुमडून बसलेली मोठी माणसं. सगळ्यांनी मिळून, नोकऱ्या सांभाळून, एक पैसा न घेता प्रोग्राम बनवला होता. अंधांना मजकूर वाचून दाखवणारा. कुणीही घ्यावा, कुणीही सुधारावा. आज कामाच्या गुणांवर त्याचे कायमचे सभासद ठरायचे होते. सभासदाला दुरुस्ती थेट करता येते. बाकीच्यांनी ती पाठवायची आणि महिनोन्महिने वाट बघत बसायचं.

"शून्य कसं?" बाईंनी विचारलं. "जोडाक्षर आलं की प्रोग्राम अडायचा, ते कुणी थांबवलं? माझ्या बाबांना दिसत नाही. दर ओळीला हाक मारायचे, 'तुझा पोपट पुन्हा मुका झाला गं!'"

"तुम्हीच थांबवलंत, बाई. कोण नाही म्हणतंय?" अध्यक्ष मधाळ आवाजात म्हणाले. "पण खोट होती अक्षरं जुळवणाऱ्या कोडमध्ये. ते कोड दुसऱ्या गटाचं, आपण नुसतं वापरतो. तुम्ही दुरुस्ती तिथे केलीत. आपल्याकडे तुमची एक ओळ नाही. आपण मोजणार ते आपल्या घरातलं काम."

"म्हणजे दुखणं जिथे, तिथेच औषध दिलं हा माझा गुन्हा?"

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दुसऱ्या गटाशी वर्षभर हुज्जत घालताना तोंडाला फेस आला होता. आणि इथे यादीत पहिला कोण, तर ठिगळ्या! तोच बिघाड आपल्या कोडमध्ये जिथे जिथे दिसेल तिथे वरवरचं ठिगळ लावत फिरलेला. प्रत्येक ठिगळाला एक गुण.

ठिगळ्या माणूस मात्र भला. कानापर्यंत लाल होऊन उठला. "अहो, बाईंनी मुळातच दुरुस्त केल्यावर माझी ठिगळं म्हणजे नुसती अडगळ. हे बघा, काढूनच टाकतो." लॅपटॉप उघडून त्यानं सगळी ठिगळं सटासट उपटली.

पडद्यावर त्याचा आकडा टुणकन दुप्पट झाला. काढणं हेही काम होतं ना, आणि तेही घरातलं!

कुणीतरी हसलं. मग टाळ्या पडल्या. ठिगळ्या "अहो, नको, नको" म्हणत हात हलवत राहिला; त्याचं ऐकतो कोण?

"इतकी वर्षं मुलांच्या वह्या तपासते," बाई म्हणाल्या, "पण गणित शेजारच्या वर्गाच्या फळ्यावर सोडवलं म्हणून मी कुणाला भोपळा दिला नाही."

"नियम सगळ्यांना सारखा, बाई. मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वर्षी नक्की विचार करू." अध्यक्षांनी कागद आवरले. मग काहीतरी आठवलं. "आणि हो, हल्ली आकडे वाचताना प्रोग्राम अडतोय. तेवढं बघाल का? तुमच्याशिवाय कुणाला जमणार!"

बाईंनी पिशवी खांद्याला अडकवली. ते दुखणं कुठे आहे हे त्यांनी आधीच शोधून ठेवलं होतं. याही वेळी शेजारच्या गटाकडेच.

"बघते की," त्या म्हणाल्या. "मुळात दुरुस्त करू, की ठिगळ लावू?"