कोरा फिल्टर

"अहो, श्वास घ्या आता! टोमॅटो झालाय चेहऱ्याचा," आई जिन्याच्या दारातून ओरडली.

बाबांनी मान हलवूनच तिला गप्प केलं. हातांत निळे हातमोजे, चिमट्यात वहीच्या पानाएवढा पांढरा फिल्टर. तो त्यांनी यंत्राच्या जाळीवर टेकवला, चारी कोपरे निरखले, झाकण लावलं आणि चार पावलं मागे जाऊन भसकन श्वास सोडला.

"माझा श्वास त्यावर पडला, तर तुझ्या लेकीच्या आकड्यांत मीसुद्धा धूर म्हणून लागायचो."

लेक पायरीवर बसून हसत होती. शहरातल्या पाच गच्च्यांवर तिच्या प्रयोगशाळेची अशी यंत्रं होती. यंत्राने दिवसभर हवा ओढायची, धूळ फिल्टरवर धरायची. मग तिने तो फिल्टर तापवून त्यातला सेंद्रिय कार्बन मोजायचा. चुलींनी, गाड्यांनी, जळत्या कचऱ्याने हवेत काय सोडलं, ते त्यातून कळायचं. पाचवी गच्ची घरचीच. गॅरेजमधून निवृत्त झाल्यावर बाबा आपण होऊनच या कामाला चिकटले होते.

आज कोऱ्या फिल्टरची पाळी होती. महिन्यातून एकदा यंत्र बंद ठेवायचं, फिल्टर नुसता आत घालायचा आणि दहा मिनिटांनी काढायचा. त्यावर जो कार्बन सापडेल, तो हवेतून ओढलेला नव्हे. तो हाताळणाऱ्याचा.

"म्हणजे माझी परीक्षा," बाबा म्हणायचे. परीक्षा असली की आईला खाली गॅस बंद करावा लागे.

"चाळीस वर्षं या माणसाचे कपडे सोड्यात उकळले मी," आई म्हणाली. "लग्नाच्या फोटोतसुद्धा नखं काळी! आणि यांच्याकडे दिलंय स्वच्छतेचं काम. तिकडे माझी कढई गार पडली."

"पडू दे. तळणाचा वास वर आला, तर मी नापास." मग नेहमीसारखे ते लेकीकडे वळले. "काय मॅडम, मागच्या वेळचा निकाल काय आमचा?"

"बरा आहे."

"बरा म्हणजे? पास, की काठावर पास?"

"बरा म्हणजे बरा, बाबा."

आकडे तिच्या पिशवीतच होते. पण आत्ता सांगितले, तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर दवंडी. वर्षाचा अहवाल छापून आला की सरळ त्यांच्या हातात ठेवायचा, असं तिने ठरवलं होतं. दोन महिन्यांचा तर प्रश्न होता.

"एवढ्या वर्षांचं ग्रीस," बाबा म्हणाले. "हातमोज्यांतूनसुद्धा झिरपत असेल." हसतच म्हणाले ते. पण हातमोजे काढल्यावर त्यांनी बोटं मुठीत मिटून घेतली, नखं दिसणार नाहीत अशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

तीन आठवडे यंत्र गप्प होतं. चौथ्या सोमवारी आईनेच गच्चीचं कुलूप काढलं.

"त्यांचं काम असं अर्धवट पडलेलं बघवत नाही मला. चल. गॅस बंद करून आलेय मी."

लेकीने हातमोजे चढवले. बाबांच्याच खोक्यातले, बोटांची टोकं रिकामी लोंबत राहिली. तिने चिमट्याने फिल्टर उचलला, जाळीवर टेकवला, चारी कोपरे निरखले.

"अगं, श्वास घे!" आई ओरडली. "तूही टोमॅटो झालीस!"

तिचं तिलाच कळलं नव्हतं. झाकण लावून ती चार पावलं मागे गेली आणि तिने श्वास सोडला. भसकन. अगदी तस्साच. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, मग आईला हसू फुटलं, मग तिलाही, आणि ते काही केल्या आवरेना. आईने पदराने डोळे पुसले, पुन्हा हसली, पुन्हा पुसले.

"तो शेवटचा, आदल्या दिवशीचा," जराशाने आईने विचारलं. "त्याचा निकाल आला का गं?"

लेकीने मान डोलावली. पण ती आईकडे बघत नव्हती. यंत्रापासून चार पावलांवरच्या त्या मोकळ्या जागेकडे तोंड करून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तिने सांगितलं,

"बाबा, पाच गच्च्यांत सगळ्यात स्वच्छ फिल्टर तुमचा! शेवटचाही तुमचाच. पहिल्या महिन्यापासून दर वेळी तुमचाच. अहो, माझ्यापेक्षा स्वच्छ हात आहेत तुमचे!"