चिंचोक्याची पायरी

मारोतरावांनी चिंचोका सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ.

समोर गुंजन बसली होती. मांडीवर कागद, कागदावर पाच पायऱ्यांची शिडी. देशात कायद्याचं राज्य वर चढतंय की खाली उतरतंय, हे मोजणाऱ्या एका संस्थेची ही पोरगी. दर दोन वर्षांनी यायची. घर तेच, माणूस तोच, प्रश्नही तेच. त्याशिवाय फरक कळत नाही म्हणे. पहिल्या खेपेला तिची शिडीवर ठेवायची प्लॅस्टिकची सोंगटी हरवली, तेव्हा मारोतरावांच्या बायकोनं, शामलाबाईंनी, चिंच कोळता कोळता एक चिंचोका धुऊन तिच्या हातावर ठेवला. तेव्हापासून या घरात कायदा चिंचोक्यानंच मोजला जाई.

वजनदार माणसानं गुन्हा केला तर तुमच्या भागात त्याला शिक्षा होते का, असा प्रश्न होता. हमखास होत असेल तर सगळ्यात वरची पायरी, कधीच होत नसेल तर सगळ्यात खालची. मारोतरावांचा चिंचोका पहिल्या वर्षी चौथ्या पायरीवर होता. मग तिसऱ्या, मग दुसऱ्या. कारण विचारलं की ते रंगात येऊन कधी पोलिसांना धरत, कधी वकिलांना, कधी तारखांना. आज मात्र बूड खुर्चीला टेकत नव्हतं.

अकरा वाजता त्यांना कोर्टात साक्षीला उभं राहायचं होतं. लकडगंजात, लाकडाच्या दुकानांपुढे, ताराचंदशेठच्या भाच्यानं गोविंदा हमालाच्या अंगावर गाडी घातली, ती मारोतरावांनी आठ हातांवरून पाहिली होती. गोविंदाचा पाय गेला. दुसरं कुणी पाहिलं नव्हतं. निदान तसं कबूल करणारं कुणी नव्हतं. पण मारोतरावांचा एकुलता एक सौरव शेठच्याच आरा मशीनवर लाकडं चिरायच्या कामाला. शेठनं धमकीबिमकी काही दिली नाही. परवा बोलावून चहा पाजला, पाठीवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाला की, आपल्या गल्लीत भुसा फार उडतो काकाजी, माणसाला कधी कधी नीट दिसत नाही. मारोतराव मान हलवून घरी आले. तेव्हापासून ते एकच वाक्य घोकत होते. भुसा उडत होता, दिसलं नाही.

काल देवळात बुवांनी साक्षीगोपाळाचं आख्यान लावलं. गरिबाची साक्ष द्यायला प्रत्यक्ष देव पायी निघतो. अट एकच. पुढच्यानं मागे वळून पाहायचं नाही, पैंजण ऐकत चालायचं. ते पैंजण वाजवायचे मारोतरावांनी, बुवांच्या मागे उभं राहून, झांजेवर. वीस वर्षं वाजवत आले. त्या ठिकाणी बायाबापड्यांच्या डोळ्यांना पदर लागायचा. काल झांजा हातातल्या हातात राहिल्या. बुवांनी दोनदा मागे वळून पाहिलं. देव काही चालला नाही.

आणि आज सकाळी शामलाबाई. मोठ्या कामाला निघालेल्या माणसाच्या तळहातावर दही-साखर ठेवल्याशिवाय त्या कुणाला उंबरठा ओलांडू देत नसत. आज त्यांनी वाटी ओट्यावर ताटलीखाली झाकून टाकली. खोटं बोलायले जाणाऱ्याच्या हातावर मी दही ठेवत नाही, म्हणाल्या. सौरवची नोकरी गेली तर, असं यांनी विचारलं. त्या भांडी विसळत राहिल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या की, नोकरी दुसरी लागन, पाय?

"काका, एकदम तळाला?" गुंजननं पेन उघडलं. कारण लिहायचं होतं, तेही सांगणाऱ्याच्याच शब्दांत.

"साक्षीदार फिरतात," मारोतराव म्हणाले.

तिनं लिहून घेतलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. तसा नियमच होता. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मारोतराव उठले, टोपी घातली, काढली, पुन्हा बसले.

"हे ऐकलेलं आहे, की तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"पाह्यलं नाही अजून. आज अकरा वाजता दिसन."

काका नेहमीसारखी थट्टा करताहेत असं वाटून गुंजन हसली. पण त्यांच्या अंगावरचा इस्त्रीचा सदरा आणि कपाळावरचा घाम पाहून तिचं हसू ओसरलं. ती कागद उलटापालटा करू लागली. तिलाही दुपारपर्यंत सहा घरं करायची होती.

"मग हे मला धरता येणार नाही, काका," ती ओशाळून म्हणाली. "घडलंय तेवढंच मोजायचं असतं. हे तर अजून घडलेलंच नाही ना?"

परवाच्या त्या चहापासून मारोतराव गोष्ट होऊन गेल्यासारखं तिचं ओझं वाहत होते. झांज मुकी झाली, दही झाकलं गेलं, चिंचोका तळाला गेला. आणि गोष्ट तर अजून व्हायचीच होती.

घड्याळात दहाला पाच कमी होते. त्यांनी शिडीवरचा चिंचोका उचलला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

"खोड मंग ते," ते म्हणाले. "संध्याकाळी ये वं पोरी. चिंचोका कुठी ठेवाचा ते तवा सांगतो."

टोपी घालून ते दाराशी गेले. चपलेत पाय सरकवताना आत ताटली सरकल्याचा आवाज आला. मग फरशीवर जोडवी वाजू लागली, एकेक पाऊल, जवळ येत. मारोतरावांनी मागे वळून पाहिलं नाही. नुसता तळहात पसरला.