पाय बांधण्याची रीत

लढाईच्या सकाळी आफ्रिकेतल्या सोंघाई राज्याच्या निवडक वीरांनी ढालीवर बसायचं आणि एक पाय गुडघ्यात दुमडून बांधून घ्यायचा, म्हणजे पळायचं मनात आलं तरी पळता येत नाही. सेयनीचा पाय बांधायला त्याचा बाप बोंकाना घोड्यावरून उतरला. पोराच्या दंडात राजाने दिलेलं सोन्याचं कडं होतं. तसली कडी हजारो दंडांत होती. बंदूक मात्र साऱ्या सैन्यात एकही नव्हती.

"आवळा की बाबा! शेळी बांधताय का?" सेयनी हसला.

"गप बस. तू जन्माला यायच्या आधीपासून बांधतोय मी पाय." असं म्हणत बोंकानाने एका हिसक्यात सुटेल अशी गाठ मारली, आणि पोराकडे न बघता घोड्यावर चढला.

उन्हं चढेपर्यंत सगळं संपलं. शत्रूच्या अंगावर सोडलेली गुरं त्याच्या बंदुकांच्या आवाजाने बिथरली आणि आपल्याच लोकांवर उलटली. राजाने पाठ फिरवली, तसे घोडेस्वार नदीकडे पळत सुटले. बोंकाना तेवढा ढालींच्या रांगेकडे दौडत आला.

"सेयनी! दोरीचं टोक ओढ, पोरा, सुटेल ती! चढ माझ्यामागे!"

सेयनीने धनुष्यावरची नजर काढली नाही.

"ती मघाशीच सुटली, बाबा. तुमच्या हातांचं वय झालं. कुणाला कळू नये म्हणून मी ओल्या चामड्याने पाय पुन्हा बांधून घेतला. आता ते चामडं वाळून लाकूड झालंय."