दुपारचं जेवण

"मला भूक नाही," म्हणत भास्करराव गल्ल्यावरून उठले आणि स्कूटरला किक मारून निघाले. कौतिकबाई बघत राहिल्या. एका चुलीपासून त्यांनी शेवभाजीची चार हॉटेलं उभी केली, खान्देशभर नाव झालं, आणि नवरा मात्र रोज दुपारी न जेवता बाहेर पडायचा. परतायचा शीळ घालत. कोण असेल ती?

आज त्यांनी रिक्षा मागे लावली. स्कूटर स्टेशनमागच्या एका घरापुढे थांबली. दारातली बाई हसून म्हणाली, "या, वाटच बघत होते."

कौतिकबाई तरातरा आत शिरल्या. चारपाच जण पंगतीला बसले होते. त्यांत भास्करराव वरणभात कालवत होते.

"आपल्या हॉटेलांत जेवण मिळत नाही का तुम्हाला?"

भास्कररावांचा हात थांबला. "तिखट सोसत नाही गं आता. पोटात आग पडते."

"मग मला सांगायचं होतं!"

"तुझ्या तिखटासाठी लोक रांगा लावतात. नवऱ्यालाच सोसत नाही, हे कसं सांगू?"

कौतिकबाई शेजारी बसल्या. नवऱ्याच्या ताटातला एक घास तोंडात घातला. मग खानावळवालीकडे वळून हळूच म्हणाल्या, "ताई, वरण फार छान झालंय. मला शिकवाल?"