रुमालाखालचा आकडा

"तीन," झुलालआबा म्हणाले.

सकाळी आठला तीन, दहाला तीन, बाराला तीन आणि आता दोनलाही तीन. प्रज्ञा सिस्टरने वहीत चौथा तीन मांडला आणि पेनाचं टोपण दातात धरलं. धुळ्याच्या त्या दवाखान्यात नऊ वर्षांत तिने दुखण्याचे पुष्कळ आकडे ऐकले होते. शून्य ते दहामधला एक सांगा म्हटलं की मास्तर लोक साडेसहा सांगत, पुढारी दहाच्याही वर जात, सुना आधी सासूकडे बघत आणि मग आकडा काढत. पण असा ठाण मांडून बसलेला आकडा तिला पहिल्यांदाच भेटत होता.

आबांच्या मणक्याची दोन ऑपरेशनं झाली होती आणि दुखणं होतं तिथंच होतं. आता पोटाच्या कातडीखाली पुरीएवढा पंप बसवायचा, त्याची बारीक नळी मणक्यात सोडायची आणि औषध थेंबाथेंबानं तिथंच पोचवायचं, असं घाटत होतं. पण आधी परीक्षा. नऊ वाजता मणक्यात औषधाची एकच सुई दिली होती. तिनं दुखणं निम्म्यावर आलं तर पंप. आणि आलं की नाही, ते रोग्यानंच सांगायचं.

"चारला शेवटचं विचारा," डॉक्टर जाताना म्हणाले होते. "तीनचे तीनच राहिले तर उद्या घरी. उपयोग नाही तर पोटात मशीन कशाला?"

प्रज्ञाची स्वतःची मोजणी वेगळी होती. सुईच्या आधी तासाभरात आबांनी अकरा वेळा कूस बदलली होती, तीही बायकोच्या, सुंदरबाईंच्या आधारानं. पलंगाचा गज धरून धरून तळहात लाल झाला होता. सुईनंतर गज मोकळा. दुपारी तर त्यांनी उठून बसून डब्यातली वरण-बट्टी खाल्ली आणि शेजारच्या पेशंटला बैलाचे दात कसे बघायचे त्याची शिकवणी दिली. पण वहीत कुशींचा रकाना नव्हता.

चारला ती पुन्हा आली.

"आबा, खरं सांगा. सकाळी किती होतं?"

"तीन व्हतं."

"आणि आता?"

"आते बी तीन." शेजारच्या पलंगाभोवतीची चार माणसं कान टवकारून होती. आबांनी त्यांच्यावरून एक नजर फिरवली आणि तोंड मिटलं.

सुंदरबाई पलंगाच्या पायाशी चादर टाकून बसल्या होत्या. एक हात पलंगाला, एक स्वतःच्या कमरेला लावत त्या दोन खेपांत उभ्या राहिल्या.

"ते सांगतीन का तुले? चाळीस वरीस बैलबजारनी दलाली करी. आकडा कधी तोंडमाईन काढा नही."

"मग कसा सांगायचे?"

सुंदरबाईंनी उशाजवळचा मोठा रुमाल उचलून तिच्या हातात दिला. "यान्हा खाले."

प्रज्ञाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बैलाचा सौदा रुमालाखाली होतो. एकाचा हात दुसऱ्याच्या हातात, बोटं दाबायची, तोच भाव. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा त्या दोघांच्या बाहेर जात नाही. आणि चारचौघांत कुणी विचारलाच, तर तोंडाला येईल तो सांगून द्यायचा. तिने सकाळपासून भर बाजारात भाव विचारला होता.

ती स्टूल ओढून बसली, रुमाल पसरला आणि खाली हात घातला. "एक बोट म्हणजे एक. सौदा तुमचा-माझा."

आबांनी तिच्याकडे पहिल्यांदा माणसासारखं पाहिलं. हात पुढे केला. "हात थंडा शे तुन्हा, सिस्टर. दलालना हात असाच रहास."

"सकाळचा सांगा."

पूर्ण पंजा दाबला. सुटला. मग चार बोटं. आबांचा चेहरा मात्र तीनचाच.

"आताचा?"

दोन बोटं, तीही हलकीच.

तिने वरचे तीन खोडले नाहीत. त्यांच्याखाली लिहिलं, 'रुमालाखाली : सकाळी नऊ, आता दोन.' डॉक्टरांनी येऊन ते दोनदा वाचलं, मग रुमालाकडे पाहिलं.

"आबा, आता किती?"

"तीन," आबा खणखणीत आवाजात म्हणाले.

डॉक्टर हसले. "सोमवारी पंप बसवू," म्हणाले आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

प्रज्ञा रुमाल आवरायला लागली, तर सुंदरबाईंनी त्याचं टोक धरलं.

"ऱ्हाऊ दे, बेटा." त्यांनी रुमालाखाली हात सरकवला. "आते मन्हा आकडा ल्या."

"तुन्हा कसाना आकडा?" आबा हसत म्हणाले.

सुंदरबाईंनी खाली आबांचा पंजा धरला. रुमाल एकदा उचलला गेला, खाली बसला, पुन्हा उचलला गेला. प्रज्ञाला बोटं दिसत नव्हती. दिसत होता तो आबांचा चेहरा, चाळीस वर्षांत कुठल्याही भावाला न हललेला. त्यावरचं हसू आधी गेलं.

आबांनी घासाघीस केली नाही. हात तसाच धरून ठेवत, कुणाच्या आधाराशिवाय, ते पलंगावर आत सरकले आणि कडेला बाईमाणूस बसेल एवढी जागा केली.