तीन मिनिटांत बाहेर

शिट्टी वाजली आणि काकूंच्या लाँड्रीतल्या सहाही जणांनी हातातलं काम तिथल्या तिथे टाकलं. काकू आतून, खिडकीचे गज धरून, जीव मुठीत घेऊन बघत होत्या. आपण फाटकाशी उभ्या राहिलो तर 'काकूंनी खुणा केल्या' असं कुणी म्हणायला नको, म्हणून त्या मुद्दाम आत थांबल्या होत्या.

शिट्टी आगीची होती. आग नव्हती, लागली आहे असं समजायचं होतं. फाटकाजवळ तपासनीस बाई शिट्टी आणि घड्याळ घेऊन उभ्या होत्या. तीन मिनिटांत सगळे बाहेर आले तरच काकूंच्या जागेला मान्यता मिळणार होती. 'विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या प्रौढ व्यक्तींसाठी मान्यताप्राप्त सेवा संस्था.' हे नाव इतकं लांब, की म्हणताना काकू मध्ये एकदा पाणी प्यायच्या. पण ते मिळालं नाही तर दाराला कुलूप, आणि ही सहा मोठी माणसं पुन्हा आपापल्या घरी भिंतीकडे बघत बसणार.

बाकी सगळं पार पडलं होतं. दाराची रुंदी, न्हाणीघरातला कठडा, इस्त्रीच्या वायरी, शेजाऱ्यांची हरकत नसल्याचं पत्र, खुद्द काकूंच्या चांगल्या वर्तणुकीचा दाखला. फाइल अशी फुगली होती, की बसचा कंडक्टर तिचं वेगळं तिकीट मागायचा. उरली होती ती ही शिट्टी.

महिनाभर काकू रोज फाटकाशी उभ्या राहून शिट्टी फुंकत होत्या. पहिल्या दिवशी सगळे बाहेर पडायला चाळीस मिनिटं लागली. वकील दारातच अडला. तो काही कोर्टातला वकील नव्हे, पण 'का?' विचारल्याशिवाय तोंडात घास घालत नसे. आग दिसत नाही तर पळायचं का, हे त्याला पटवेपर्यंत खरी आग लागून, विझून, राखही गार झाली असती. एकीने हातातल्या चादरीची घडी पुरी झाल्याशिवाय हलायला साफ नकार दिला. आणि मास्तर? चाळिशीचा, गंभीर, जेवतानासुद्धा शर्टाचं वरचं बटण लावून बसणारा माणूस. त्याच्याकडे मोजणी होती. सगळे बाहेर आले की मास्तरने हात वर करायचा. हात वर झाला की घड्याळ थांबणार, असा नियमच होता.

आज मात्र वकिलाने ओठावर आलेला 'का' गिळला. चादरवालीने चादर तशीच सोडली, फक्त जाता जाता तिची माफी मागितली. एक मिनिट चाळीस सेकंदांत सहावा माणूस फाटकाशी पोचला. काकूंची छाती अशी फुगली, की गज वाकायचेच बाकी राहिले.

मास्तरने एकेकाकडे बोट करून मोजलं. हात काही वर केला नाही.

त्याने पुन्हा मोजलं. दोन मिनिटं झाली. महिनाभर एकदाही न चुकलेला माणूस आज नेमका सहावर येऊन अडला होता. काकूंनी खिडकीतून हात वर करून दाखवला. मग दोन्ही हात केले. मास्तरने शांतपणे त्यांच्याकडे पाहिलं आणि आपले दोन्ही हात खिशात घातले. एवढा गड चढून शेवटच्या पायरीवर पाय घसरावा, तसं झालं. घड्याळाचा काटा कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तीन मिनिटं संपली.

तपासनीस बाईंनाच वाईट वाटलं. यादीत सहा नावं, समोर सहा माणसं. त्यांनी मास्तरला हळूच सांगितलं, की आलेत हो सगळे.

"नाही," मास्तर म्हणाला. "रोज सात असतात."

बाईंनी पुन्हा यादी पाहिली. सहाच, म्हणाल्या.

"सहा बाहेर. एक आत जळतेय." त्याने खिडकीकडे बोट दाखवलं. "ती बघा. कधीची हात हलवतेय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. खिडकीत काकू दोन्ही हात वर करून उभ्या होत्या. ते हात तसेच राहिले. रोज त्या आधीच फाटकाशी असायच्या; महिनाभरात शिट्टी वाजल्यावर दारातून बाहेर पडायचं काम त्यांनी एकदाही केलं नव्हतं.

वकिलाने मघाचा गिळलेला शब्द बाहेर काढला.

"का?" त्याने खिडकीला विचारलं.

खिडकीतले दोन्ही हात खाली आले.

काकू खाली मान घालून बाहेर आल्या. चूक माझी आहे, माझ्या माणसांवर काढू नका, म्हणाल्या. तपासनीस बाईंनी हातातला कागद तोंडापुढे धरला. रागाने असेल असं काकूंना वाटलं, पण बाई हसू दाबत होत्या. त्यांनी आजवर साठ जागा तपासल्या होत्या. साठही ठिकाणी चालकमालक आतच राहिले होते, आणि साठही ठिकाणी कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. बाईंच्याही नाही. ही सहा माणसं पास, बाईंनी सांगितलं, आणि जागेला मान्यता. अट एकच. महिन्याने पुन्हा शिट्टी वाजेल, फक्त एका व्यक्तीसाठी. तोवर त्या व्यक्तीची जबाबदारी कुणीतरी लेखी घ्यायची.

मास्तरने पेन मागितलं. रकान्याच्या चारही रेघा सांभाळून सावकाश सही केली. मग काकूंचा उतरलेला चेहरा पाहून त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तपासनीस बाईंना धीर दिला.

"काळजी करू नका, मॅडम. काकूला जरा वेळ लागतो. पण शिकते ती."