पुसलेलं भांडं

बुधवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी केयूर पाच लाडवांचा डबा घेऊन नीलाताईंच्या घरातून बाहेर पडला. पाच बाराला नीलाताई ओटा आवरायला वळल्या. मिक्सरच्या भांड्याला हात लावला आणि तिथंच थिजल्या.

सकाळी संकष्टीच्या खिचडीसाठी त्यांनी त्याच भांड्यात दाण्याचं कूट केलं होतं. कूट काढलं की भांडं धुवायचं नाही, कोरड्या फडक्यानं पुसून ठेवायचं, ही त्यांच्या सासूबाईंची शिस्त. ओल राहिली की पुढचं कूट खवट होतं. चाळीस वर्षं त्या तसंच करत आल्या होत्या. आणि दुपारी त्याच भांड्यात त्यांनी मारी बिस्किटं फिरवली होती.

केयूर आठ वर्षांचा, समोरच्या बी विंगमधला. शेंगदाण्याचा कण जरी तोंडात गेला तरी त्याचा घसा सुजतो, श्वास अडकतो. त्याची आई गंधाली त्याला कुणाकडेच पाठवत नसे. आज पहिल्यांदा पाठवलं होतं. "शेंगदाण्याचा डबा माळ्यावर टाकते गं, तू निर्धास्त जा," असं नीलाताई स्वतः म्हणाल्या होत्या. बिस्किटांचा चुरा, सुकं खोबरं, कंडेन्स्ड मिल्क. पोरांनी कालवायचं आणि वळायचं. गॅस पेटवायचासुद्धा नाही.

गॅस टाळायला कारण होतं. गेल्या महिन्यात दूध तापत ठेवून त्या विसरल्या आणि पातेलं जळून कोळसा झालं. मुलगा सुबोध आवाज न चढवता म्हणाला होता, "आई, परत असं काही झालं तर गार्गीला पाळणाघरात ठेवू." गार्गी त्यांची सात वर्षांची नात. शाळा सुटली की ती त्यांच्याकडे असायची, आणि त्यांचा दिवस तेव्हा सुरू व्हायचा.

आईसमोरच खायचं, असं गंधालीनं बजावलं होतं. म्हणून केयूरनं लाडू वळले, पण खाल्ला एकही नव्हता. अजून वेळ होता. गंधालीचा फोन वाजत राहिला, उचलला नाही. नीलाताईंनी गार्गीचं मनगट धरलं आणि लिफ्टची वाट न बघता त्या दुखऱ्या गुडघ्यानं तीन मजले उतरल्या. आवार ओलांडताना त्यांनी काय सांगायचं ते ठरवलं.

दार केयूरच्या आजोबांनी, श्यामसुंदरांनी उघडलं. "या वहिनी, या! चहाच टाकत होतो."

"चहा राहू दे. तो लाडवांचा डबा परत द्या बघू. दूध नासकं निघालं."

"आजी, टिनमधलं दूध कसं नासेल?" गार्गी म्हणाली.

"तू गप गं."

केयूरनं आतून डबा आणून दिला. नीलाताईंनी झाकण उघडलं. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचही होते.

"एकही खाल्ला नाहीस ना, राजा?"

केयूरनं मान हलवली. नाही.

"शहाणा आहे आमचा," श्यामसुंदर म्हणाले. "आल्यापासून नुसतं पाणी ढोसतोय. तीन ग्लास झाले."

नीलाताई लिफ्टपाशी आल्या. डबा कचऱ्यात टाकायचा, भांडं घासायचं, संपलं. सुबोधच्या कानावर जायचं कारणच नव्हतं. लिफ्टचं दार उघडलं.

"बाय आजी," केयूर मागून म्हणाला.

आवाज त्याचा नव्हता. तोंडात घास ठेवून बोलावं तसा, जड. नीलाताई वळल्या. तो हनुवटी खांद्यावर घासत होता, आणि ओठ दुपारपेक्षा मोठे दिसत होते.

"श्यामराव, दूध नासलं नव्हतं. मी भांडं धुतलं नव्हतं. त्यात दाण्याचं कूट होतं. इंजेक्शन कुठाय?"

ॲलर्जीच्या इंजेक्शनचा लाल पाऊच केयूरनं आल्यावर चपलांच्या रॅकवरच्या खिळ्याला अडकवला होता. मांडीत दाबायचं, दहापर्यंत मोजायचं. दुपारी गंधालीनं दोनदा करून दाखवलं होतं. पाच चोवीसला नीलाताईंनी केयूरच्या पॅंटवरूनच इंजेक्शन दाबलं आणि मोठ्यानं आकडे मोजले. केयूर रडला नाही. श्यामसुंदर अनवाणीच खाली धावले आणि रिक्षासमोर जाऊन उभे राहिले.

पाच छत्तीसला ते मुलुंड स्टेशनजवळच्या हॉस्पिटलात पोचले. पाच चाळीसला गंधालीचा फोन आला. ती अंधेरीहून निघाली होती, पवईला अडकली होती. नीलाताईंनी भांड्यापासून सगळं सांगितलं. "त्याच्याजवळ थांबा," गंधाली म्हणाली. मग नीलाताईंनी आपणहून सुबोधला फोन लावला आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं.

पडद्यामागे केयूरच्या तोंडावर मास्क होता. तरुण डॉक्टर बाई फॉर्म घेऊन बाहेर आल्या.

"किती लाडू खाल्ले?"

"एकही नाही." नीलाताईंनी डबा पुढे केला. "हे बघा, पाचही आहेत."

"मग त्रास कधी सुरू झाला?"

"सव्वापाचला. घरी गेल्यावर."

डॉक्टरांनी लिहिलं. गार्गीनं आजीची ओढणी ओढली.

"नाही आजी. लाडू वळतानाच. त्यानं बोट चाटलं ना, तेव्हा. जीभ टोचते म्हणाला. मला म्हणाला, आजीला सांगू नको हं, नाहीतर मला परत कोणी येऊ देणार नाही."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "वळायला किती वाजता बसलात?"

"साडेचारला," नीलाताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "म्हणजे इंजेक्शन जवळजवळ तासाभरानं मिळालं." सव्वापाच खोडून साडेचार लिहिलं, सिस्टरना हाक मारली आणि आत जाऊन पडदा ओढून घेतला.